एक्केचाळिसावी सही

पहिल्या तारखेला आमच्या खटल्याची फाईल दोन बोटं जाड होती. आज, तीन वर्षं चार महिन्यांनी, ती वीतभर झाली होती आणि नाडी पुरेना म्हणून कारकुनाने तिला कमरेचा जुना पट्टा आवळला होता.

"बघ, बाळसं धरलंय," झाम्फिराबाई म्हणाल्या. "आपण मात्र वाळलो."

झाम्फिराबाई आमच्या युनियनच्या अध्यक्ष. नगरपालिकेच्या पाणीखात्यात आम्ही ब्याऐंशी सभासद, आणि संपाला निम्म्यांची लेखी संमती लागते. यादीवर नेमक्या एक्केचाळीस सह्या होत्या. संप सहा दिवस चालला. मग यादीत खोटी सही आहे असं म्हणत खात्याने बाईंना बडतर्फ केलं. ती नोकरी परत मिळावी म्हणून हा खटला.

शेवटची सही स्मारांदाची. त्या दिवशी ती नदीकाठच्या पंपावर होती. फोनवर म्हणाली, "माझी पण ठोक गं, दोयना." मी ठोकली. खात्याच्या प्रयोगशाळेत मी स्वतः न तपासलेल्या पाण्याच्या नमुन्यावर कधी सही केली नाही. पण हजेरीपटावर, कुणाची बस चुकू नये म्हणून, आम्ही सगळ्याच एकमेकींच्या सह्या करायचो. दुसऱ्या हिवाळ्यात स्मारांदा वारली. हस्ताक्षरतज्ज्ञाने चौदा महिने घेतले आणि लिहिलं: निश्चित सांगता येत नाही.

"विचारलं तर आठवत नाही म्हणा," आमच्या वकिलांनी मला बजावलं होतं. "न आठवणं हा गुन्हा नाही."

पण आज खात्याचे वकील उठून म्हणाले, "यादी अध्यक्षांच्याच ताब्यात होती. खोटी सही त्यांनीच केली. उद्या आम्ही फौजदारी फिर्याद देतोय."

न्यायाधीशबाईंनी मला पुढे बोलावलं. "यादीवर सह्या झाल्या तेव्हा तुम्ही तिथे होतात. ही कुणी केली?"

झाम्फिराबाईंनी मान किंचित हलवली. नको.

"मी केली. तिच्या सांगण्यावरून."

"त्याचा काही लेखी पुरावा?"

"नाही. फोनवर बोलली होती."

आमचे वकील खाली बघून पेनाचं टोपण लावू लागले. न्यायाधीशबाई आत गेल्या. मागोमाग दोन सल्लागार, एक मालकांच्या बाजूचा, एक कामगारांच्या. त्यांना मत देता येतं, निकाल नाही.

बाहेर बाकावर झाम्फिराबाईंनी पिशवीतून तिळाची पावकडी, कड्यासारखा गोल पाव, काढली आणि मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

"शहाणी समजत होते तुला."

"तुम्हाला तुरुंगात टाकलं असतं."

"तिथे निदान जेवण तरी फुकट असतं." त्या थोडं चावत राहिल्या. "खा. रिकाम्या पोटी ऐकू नये."

पुकारा झाला. आम्ही उभ्या राहिलो. न्यायाधीशबाईंनी कागदावरून मान वर न करता वाचलं:

"वैध सह्या चाळीस. संप बेकायदेशीर. बडतर्फी कायम."