बंद घराची पाळी

"नाना, माझा आवाज तिकडं जातच नाय!" हर्षाली खालून ओरडली.

जालिंदर गच्चीवर मोबाइल घेऊन उभा होता. ओतूरहून घाटघरला नेट यायचं ते दोन डिशांवरून. त्यातली डोंगरावरची एक रात्रीच्या वाऱ्याने फिरली होती आणि वर चढायलाच दोन तास लागत. उरलेल्या एकीवर चौदा घरं. लेकीची, हर्षालीची, पुण्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीची मुलाखत मात्र नेमकी आत्ताच सुरू झाली होती.

नेटवरून गावात काय कमी भांडणं झाली? चांगदेवाकडे पर्यटक उतरले, की बाकीच्यांचे फोन नुसते गरगरत. शेवटी म्हातारे गावचं नेट सांभाळणाऱ्या जालिंदरला म्हणाले, सामाईक विहिरीला असतात तशा पाळ्या लाव. त्याने मोबाइलवरून नेटच्या वेगाचे चौदा सारखे वाटे करून दिले; गाव त्यांनाही पाळ्याच म्हणे. बहिरूचं घर चार वर्षं कुलूपबंद, माणसं चाकणला. पण विहिरीवरही मालकाने तोंडाने सांगितल्याशिवाय त्याच्या पाळीत कुणी मोटर लावत नाही. म्हणून त्याचाही वाटा राखलेला, रोज वाया जाणारा.

"जालिंदर, घे की बहिरूची पाळी!" अंगणातून चांगदेव म्हणाला. "मी कुणाला बोलायचो नाय." स्वतःची द्यायचं मात्र त्याला सुचलं नाही.

जालिंदरचा अंगठा बटणापाशी गेला आणि थांबला. हीच पाळी मागायला गेल्या महिन्यात चांगदेव आला, तेव्हा जालिंदरनेच त्याला भर चावडीवर सुनावलं होतं, "कुणाचा हक्क मी मोडणार न्हाई." आता कोणत्या तोंडाने मोडायची? त्याने बहिरूला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. बाकीची घरं भातलावणीला गेलेली, विचारणार कुणाला? आणि चांगदेवाकडे त्याची मागायला जीभ रेटेना. स्वतःच मारलेल्या गाठीत तो पुरता अडकला होता.

खाली हर्षाली तेच उत्तर तिसऱ्यांदा सांगत होती. मग तिचा आवाज थांबला.

"संपलं," ती म्हणाली. "आमाला काय ऐकूच येत न्हाई म्हणले. दुसरीला घेतो म्हणले."

जालिंदर जिन्याने खाली येत होता तेवढ्यात फोन वाजला. बहिरू होता.

"कंपनीत मोबाइल बाहेर ठेवाया लागतो रे. काय म्हनत व्हतास?"

जालिंदरने अडखळत सांगितलं.

"येडा का खुळा तू? पोरीसाठी इचारायचं असतं व्हय? घ्यायची व्हती की!"

हर्षालीने लॅपटॉप मिटला. "काय म्हणले काका?"

"काय नाय," जालिंदर म्हणाला. "लावणी कुठवर आली, इचारत व्हता."