दुपारचा परिणाम

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बीम आपणहून निम्म्यावर आला, तेव्हा कंट्रोल रूममध्ये सावकाशराव एकटेच होते. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. हात लावायचं काम गेल्या दोन महिन्यांपासून त्यांच्याकडे उरलंच नव्हतं.

सावकाशराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चुंबकांचा करंट कुणी घाईघाईनं वाढवू लागला की ते "सावकाश" म्हणायचे. एकतीस वर्षं म्हणत आले, तेव्हा नाव चिकटणारच. जमिनीखाली भलामोठा गोल बोगदा, त्यात एक नळी, नळीतून इलेक्ट्रॉनची धार जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवायची, तीनशे चुंबकांनी तिला वळणावर धरून ठेवायचं, आणि हे सगळं वर खुर्चीत बसून नऊ पडद्यांवर बघायचं, असा हा धंदा. त्या धारेला सगळे बीम म्हणत. बीम पडला की पुन्हा उभा करायला पाऊण तास लागे, आणि तेवढ्या वेळात प्रयोग मांडून बसलेले शास्त्रज्ञ फोन करकरून जीव नकोसा करत.

आता हे सारं नवी संगणक प्रणाली बघत होती. पूर्वी शिफ्टला चार माणसं असत, तिथं एक उरला. तोही प्रणाली काही भलतंसलतं करत नाही ना, यावर नजर ठेवायला. आणि ती करत होती. रोज एक दहाला बीम निम्म्यावर, एक बत्तीसला परत पूर्ण. शुक्रवारी मात्र पावणेदोनपर्यंत.

दार ढकलून प्रोग्रामर आत आली. प्रणाली हिनंच लिहिलेली. वय सावकाशरावांच्या धाकटीएवढं, आणि डोळ्यांखालची वर्तुळं त्यांच्या स्वतःच्या वयाची.

"आला खाली?"

"आला. घड्याळ लावून घ्यावं इतका नेमका."

ती शेजारच्या खुर्चीत बसली, म्हणजे पडलीच. "काका, प्रणालीत चूक नाहीये. तीन आठवडे तेच शोधतेय. ती तुमच्या नोंदींवरून शिकलीय. अकरा वर्षं तुम्ही लोक रोज एक दहाला बीम कमी करताय आणि कारण लिहिताय, चुंबक गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान वाढलं."

"हं."

"पाणीवाले शपथेवर सांगतात, तापमान कधी वाढलंच नाही. त्यांनी दोन पंपसुद्धा बदलून पाहिले बिचाऱ्यांनी."

सावकाशराव पडद्याकडे बघत राहिले. या विषयावर इथल्या प्रमुख साहेबांनी एका परिषदेत निबंधही वाचला होता. 'दुपारचा परिणाम' असं त्याला नाव देऊन, दुपारच्या उन्हानं जमीन तापते वगैरे आलेख काढून दाखवले होते. टाळ्या पडल्या होत्या.

"सोमवारी समिती बसतेय," ती म्हणाली. "कारण सापडलं नाही तर प्रणाली काढून टाकणार, आणि सोबत मलाही. कंत्राटावर आहे ना मी. आईला अजून सांगितलं नाही."

सावकाशरावांच्या निवृत्तीला चार महिने होते. निष्कलंक सेवेचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. बायकोनं दिवाणखान्यातलं कॅलेंडर काढून त्यासाठी जागा मोकळी केली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती रिकामी भिंत दाखवत होती. गप्प बसायला एवढं कारण पुष्कळ होतं. शिवाय ते दमले होते, आणि दमलेल्या माणसाला गप्प बसणं फार सोपं जातं.

"पोरी," ते म्हणाले, "ते पाणी नव्हतं. जेवण होतं."

"काय?"

"इथं खायला बंदी. खुर्ची रिकामी सोडायलाही बंदी. एकेकानं जायचं तर चौथ्याच्या वाट्याला गार डबा आणि शिळ्या गप्पा. मग मला सुचलं, निम्म्यावर आणला की बीम पडतच नाही. निम्म्यावर आणायचा, चौघांनी कँटीन गाठायचं, बावीस मिनिटांत परत."

"आणि पाणी का लिहिलंत?"

"बदल केला की हा संगणक कारण विचारतो. पाच कारणांची यादी देतो, त्यात जेवण नाही. त्यातल्या त्यात पाणी बरं वाटलं. पाणी काही भांडायला येत नाही."

तिनं पडद्यावरच्या नोंदी खाली सरकवल्या. "आणि शुक्रवारी?"

"रमी."

तिनं टेबलावर डोकं टेकलं. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते सावकाशरावांना कळेना, आणि विचारायचं त्राण नव्हतं. ते उठून साहेबांच्या खोलीत गेले. समितीसाठी हे लेखी लागणार होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. निबंध आठवून त्यांचा चेहरा पडला, पण थोडाच वेळ. निबंध जुना झाला होता. प्रणाली मात्र त्यांनीच मंजूर केलेली होती.

"म्हणजे प्रणाली शाबूत आहे."

"अगदी. आम्ही शिकवलं ते इमानानं करतेय. पोरीनं जेवणाची वेळ तेवढी पुसून टाकली की झालं."

"आणि हे तुम्ही लिहून देताय. प्रमाणपत्र जाईल, ठाऊक आहे?"

"हो."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "सोबत कोण कोण होतं, तेही लिहा."

तिघांपैकी एकाचं पेन्शन अजून मंजूर व्हायचं होतं. दुसरा बदली होऊन गेला होता. तिसरा कँटीनमध्ये नेहमी स्वतःचं ताट सावकाशरावांपुढे सारायचा. त्याचं पोट बिघडलेलं असे.

"मी एकटाच जात होतो."

"एकटे? मग बाकीचे तिघं?"

"इथंच. मशीन सांभाळत."

"तिघं जण सांभाळायला असताना तुम्ही बीम निम्म्यावर का आणत होतात?"

सावकाशरावांनी पेनचं टोपण काढलं. अकरा वर्षं ज्यांच्याबरोबर जेवले, त्या तिघांचे चेहरे एकदा डोळ्यांपुढे आणले.

"त्यांच्यावर भरवसा नव्हता," ते म्हणाले, आणि तसंच लिहून दिलं.