पंपाचा गळा

फोटोवाला आला आणि टेप लावून घोरपडीची लांबी मोजून गेला. इंजिन चालू करून बघा म्हटलं तर म्हणाला, "कशाला? मला चालवायची थोडीच आहे!" त्याच्या स्टुडिओत डोंगराचं चित्र रंगवलेला एक पडदा होता. त्या पडद्यापुढे घोरपड उभी करायची, चाकांखाली विटा लावायच्या, टाकीला पॉलिश मारायचं, की झालं काम. मग लोक येणार, गॉगल चढवून सीटवर बसणार, तोंडाने 'ढुर्र ढुर्र' करणार आणि दात काढून फोटो काढून घेणार!

भिंगरीच्या अंगाचा तिळपापड झाला. घोरपड म्हणजे आईची जुनी मोटरसायकल. चढावर एकदा पकड घेतली की सुटायची नाही, म्हणून हे नाव. भिंगरीला भिंगरी का म्हणत, ते सांगायची गरजच नव्हती. वर्गात बाई म्हणायच्या, "हिच्या बाकाला स्प्रिंगा आहेत का गं?"

आई लिफ्टदुरुस्तीचं काम करायची आणि हत्यारांची पिशवी पाठीला लावून घोरपडीवरूनच सगळीकडे जायची. पण मागच्या आठवड्यात घोरपडीने भर पुलावर वाफेचा असा फवारा सोडला, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे विसरले. निरोप मिळाला तसे बाबा गळ्यातल्या टेपसकट पळत सुटले. बाबा शिंपी, दुकान घराच्या पुढच्या खोलीत. त्या दिवसापासून त्यांचं एकच टुमणं, "ते धूड विका. ट्रकच्या पुढ्यात बंद पडली असती म्हणजे?"

शेवटी आईने तोडगा काढला. "रविवारी मी इंजिनचं हेड उघडते. संध्याकाळपर्यंत घोरपड न उकळता टाकीचा चढ चढून आली, तर राहील. नाही आली, तर फोटोवाल्याची."

टाकीचा चढ म्हणजे वस्तीमागच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता. सायकलवाले तिथे उतरून चालायचे, आणि चालणारे मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचे.

रविवारी सकाळी आईने रेडिएटरमधलं पाणी काढलं, तर ते चिखलासारखं निघालं. त्यात नळाचं पाणी होतं, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट होतं, आणि कुठल्याशा पेट्रोल पंपावर कुणीतरी ओतलेलं लालही होतं. इंजिनचं डोकं, म्हणजे हेड, उचललं तर खालचं गॅस्केट एका कडेला काळं पडून फाटलेलं.

"हे बघ," आई म्हणाली. "इंजिनच्या दोन भागांच्या मध्ये हे बसतं. आग आगीच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी. हे फाटलं की दोघं एकमेकांच्या घरात घुसतात."

"मग चल ना लवकर! नवीन आणू!"

"आधी हे खरवडायचं. हळू. ओरखडा उठला तर नवीनही गळेल."

भिंगरीने खरवडलं. जीभ दातात धरून, श्वास रोखून खरवडलं. पण तिचा डावा पाय सगळा वेळ नाचतच होता.

स्पेअर पार्टच्या दुकानातल्या काकांकडे हेडचं गॅस्केट मिळालं. पाणी फिरवणारा पंपही आईने खोलला होता; त्याच्या झाकणाचं गॅस्केट मात्र या मॉडेलसाठी आता येतच नव्हतं. काकांनी गॅस्केटच्या जाड कागदाचा तुकडा पुढे केला. "कापून घ्या घरी. आणि कूलंट?"

"गुलाबी!" भिंगरी ओरडली. फळीवर हिरवं होतं, निळं होतं, पण गुलाबी कसलं भारी दिसत होतं!

"ओढणी घ्यायला आलीस का?" काका म्हणाले. "रंगावर जाऊ नको बाई. रंग काय, कंपनीला आवडेल तो घालतात. मागचं वाच."

तिने एकेक बाटली फिरवून वाचायला सुरुवात केली. आई मुद्दाम गप्प उभी होती. हिरव्यात सिलिकेट होतं. ते मोटरसायकलच्या पंपाचं सील घासून खातं, हे आईने वाटेत सांगितलेलं भिंगरीला आठवलं. गुलाबी होतं मोठ्या डिझेल गाड्यांसाठी. निळ्यावर लिहिलं होतं: ॲल्युमिनियम इंजिन, मोटरसायकल, सिलिकेटविरहित, तयार मिश्रण.

"निळं," ती म्हणाली. मग जरा पडेल आवाजात, "गुलाबी दिसायला छान होतं पण."

"लेक तयार झाली हं ताई," काका आईला म्हणाले, आणि भिंगरी जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागली. निळी बाटली आणि आतून धुवायला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन दोन हातांत लटकवून ती घरापर्यंत तशीच तरंगत आली.

घरी आईने हेड बसवलं. बोल्ट एकदम पिळायचे नाहीत. एक इकडचा, मग समोरचा तिकडचा, पुन्हा इकडचा, थोडे थोडे. बोल्ट किती पिळला ते दाखवणाऱ्या काट्याच्या पान्यावर नजर रोखून आई म्हणाली, "पंपाचं झाकण तू बसव आज."

"मी? एकटी?"

"नाहीतर कोण, फोटोवाला?"

भिंगरी झाकण आणि कागद घेऊन बाबांच्या दुकानात घुसली. बाबांनी एका नवऱ्या मुलाच्या कोटाची बाही बाजूला सारली. "धुडाचे कपडे पण मीच शिवायचे?" पण कुरकुरताना हात चालूच होता. झाकण कागदावर ठेवलं, शिंप्याच्या खडूने कडा आखली, आणि कात्री अशी फिरली की भिंगरी बघतच राहिली. बाहेरची कड झाली, बोल्टची भोकं झाली, मधलं पाणी जायचं भोकही झालं.

"झालं? द्या!"

"अगं थांब, अजून ट्रायल..."

तेवढ्यात दारात एक बाई ब्लाउज नाचवत उभी राहिली. "अहो मास्टर, हे काय शिवलंय? हात वर केला की श्वास बंद!" बाबांनी मान वळवली, आणि भिंगरीने गॅस्केट उचलून धूम ठोकली. झाकण बसवलं. बोल्ट मात्र आईसारखेच, इकडचा, तिकडचा, थोडे थोडे. कुठे केसभरही फट नव्हती! तिने स्वतःचीच पाठ थोपटली. खरोखर, हात मागे नेऊन.

डिस्टिल्ड वॉटरने आतलं सगळं धुतलं, स्वच्छ पाणी निघेपर्यंत. मग निळं कूलंट भरलं, नळ्या दाबून दाबून हवेचे बुडबुडे काढले. घोरपड खोकली, शिंकली आणि चालू झाली. काय तो आवाज! भिंगरीने अंगणात दोन गिरक्या घेतल्या.

तापमानाचा काटा मात्र वर चढत होता. मधे आला, आणि थांबायचं सोडून पुढेच निघाला. लालजवळ जाताच आईने चावी फिरवली.

भिंगरी रेडिएटरकडे धावली.

"उघडू झाकण? रेडिएटरचं?"

"हात लावलास तर बघ! तोंडावर उकळतं पाणी येईल. थंड होऊ दे."

थंड होऊ दे! जगातली सगळी मोठी माणसं हेच सांगतात. भिंगरी अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाला येरझाऱ्या घालू लागली. फोटोवाला संध्याकाळी येणार, आणि सावल्या तर आत्ताच कुंपणाला टेकलेल्या. ती बसली, उठली, नळ्यांकडे वाकली. वरच्या नळीपाशी हात नेला तर चटका बसेल अशी धग. खालच्या नळीला बोट लावलं.

"आई! खालची गारढोण आहे!"

आईने हात लावला. "म्हणजे पाणी फिरतच नाहीये. तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट तर मी गरम पाण्यात टाकून बघितला होता, उघडत होता." तिने वळून बघितलं. "राहिला पंप."

इंजिन निवलं तसं कूलंट स्वच्छ घमेल्यात काढलं, पंपाचं झाकण खोललं. गॅस्केट जागच्या जागी होतं. पण पाणी जायच्या वाटेवर त्याचा कागद पुढे आला होता. रस्ता जवळजवळ बंद, एक फट तेवढी उरलेली.

भिंगरीच्या डोक्यात ट्यूब पेटली, आणि पेटली ती अशी की पुढचं काही दिसेचना. ते धूड विका. ते धूड विका. गॅस्केट घेऊन ती तरातरा दुकानात गेली.

"तुम्ही मुद्दाम केलंत! भोक मुद्दाम लहान कापलंत. तुम्हाला ती जायलाच हवी होती ना?"

मशीनचं चाक थांबलं. ब्लाउजवाली बाई अजून तिथेच होती. तिने भिंतीकडे तोंड करून बटणं निवडायला घेतली.

बाबांनी ते गॅस्केट हातात घेतलं, उजेडात धरलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"मुद्दाम?" ते म्हणाले. "गळा कोण पहिल्यांदाच पूर्ण कापतं गं? लहान कापायचा, अंगावर घालून बघायचं, मग वाढवायचा. मोठा कापला तर परत जोडता येतो? ट्रायल, ट्रायल म्हणून ओरडत होतो मी. तू होतीस कुठे?"

ती कुठे होती? दाराबाहेर. धूम ठोकून.

"बाबा..."

"मला भीती वाटते तिची," बाबा हळू आवाजात म्हणाले. "पुलावर तुझी आई दिसेपर्यंत माझ्यात जीव नव्हता. पण म्हणून मी काम वाईट करीन? हातातलं?"

तिला इतकी लाज वाटली, की पहिल्यांदाच तिचे दोन्ही पाय स्थिर झाले.

"चुकलं माझं. पुन्हा कापाल? मी थांबते. पळत नाही, खरंच."

"उरलाय का कागद?"

कागद उरला होता. बाबा कात्री घेऊन स्वतःच अंगणात आले आणि घोरपडीपुढे उकिडवे बसले. पंपाला गॅस्केट लावून बघायचं, काढायचं, कोपरा छाटायचा, पुन्हा लावायचं. भिंगरी झाकण धरून बसली होती. तिचा जीव नुसता टांगणीला लागलेला, पण 'झालं का' हे दोन शब्द तिने गिळले. निदान पाच वेळा तरी गिळले असतील.

"आता बघ."

तिने बोट फिरवलं. कागदाची कड आणि धातूची कड तंतोतंत एक.

झाकण बसलं, कूलंट भरलं, काटा चढला, मधे आला आणि थबकला. आईने हेल्मेट घातलं. भिंगरीने सीटवर उडी मारायला पाय उचलला, तोच बाबा म्हणाले, "तू थांब. मी बसतो. काटा मला बघायचाय."

बाबा! घोरपडीवर! त्यांनी गळ्यातली टेप काढून भिंगरीच्या गळ्यात घातली, आईच्या कमरेला अशी मिठी मारली की आई म्हणाली, "अहो, श्वास बंद!" आणि दोघं गेले.

राहिली भिंगरी. एकटी. आणि लगेच तिच्या सोबतीला फोटोवाला, कारण तो तेवढ्यात टेम्पो घेऊनच आला.

"कुठाय गाडी?"

"चढावर. बसा ना काका."

तो बसला, ती मात्र उभी. आवाज आधी मोठा होता, मग वळणामागे गेला, मग बारीक झाला, मग नाहीच. टेप तिने बोटाला गुंडाळली, सोडली, गुंडाळली. टेम्पोवाल्याने जांभई दिली. उकळली असेल? बाबांनीच बंद करायला लावली असेल? फोटोवाला म्हणाला, "विटा मी आणल्यात हं सोबत," आणि तिला त्या विटांचं काय करावं असं वाटलं, ते इथे न लिहिलेलंच बरं.

मग एक गुणगुण आली. मग घरघर. मग वळणावरून घोरपड डौलात उतरली. मागे बाबा, केस उभे, डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

आईने इंजिन चालूच ठेवलं. "हात लाव," ती म्हणाली.

भिंगरीने खालच्या नळीला बोट लावून झटकन मागे घेतलं. "गरम आहे! खालचीपण गरम आहे!"

"म्हणजे बिघडली?" फोटोवाल्याने आशेने विचारलं.

बाबा खाली उतरले. केस चापून बसवत ठणठणीत आवाजात म्हणाले, "तुमची पँट टाचेखाली घासतेय. उद्या आणा, उंची कमी करून देतो, फुकट. गाडी काही मिळायची नाही."

भिंगरीने उडी मारली, आणि टेपचं धातूचं टोक फट्कन तिच्याच नाकावर बसलं.