तुलारामच्या इंजिनाला चढलेला ताप

वैनगंगेच्या मधल्या धारेत तुलारामचा डोंगा थांबलेला. त्यात बावीस माणसं, तीन सायकली, एक बकरी आणि तापलेल्या इंजिनासमोर डोळे मिटून बसलेला चिमटेवाला बाबा. काठावर ही गर्दी! अर्धा तास "गर्मी जा, शीतला आ, छू!" चाललं. मग बाबाने तळहात इंजिनावर टेकवला. चटका नाही! तुलारामने हँडल मारलं, इंजिन धडधडलं आणि लोक डोंग्यातच लोटांगण घालू लागले. डोंगा उलटला नाही, हाच त्या दिवसाचा खरा चमत्कार.

मी म्हटलं, "अगा, जाळ काढला का चूल बी निवते. त्याले मंत्र कायले लागते?"

"चूप बस ना बुढ्या!" शेजारी बसलेला केवळराम खेकसला. "काल तूच सांगत होता ना, मगरीवर बसून गोसीखुर्दले गेलो म्हणून?"

हेच माझं दुखणं. माझी थाप या लोकांना दुरून ओळखता येते. बाबासमोर ती अक्कल कुठे जाते, देव जाणे. छे, तोही जाणत नसावा.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. वल्ही मारून मारून तुलारामचा उजवा खांदा कामातून गेला होता. म्हणून त्याने शेतातल्या पंपाचं जुनं डिझेल इंजिन डोंग्यावर बसवलं. नदीत सोडलेल्या नळीतून ते पाणी ओढायचं, अंगात फिरवून बाहेर टाकायचं, म्हणजे थंड राहायचं. दसऱ्याला बाबाने पूजा केली आणि नळीच्या पाण्यातल्या तोंडाला, जाळीशी, लाल चुनरी बांधली. "हाथ मत लगाना बच्चा, गंगामैया रूठेगी!" त्या आठवड्यापासून इंजिन रोज मधल्या धारेत तापू लागलं.

शेवटी बाबाने निकाल दिला, "डूबे हुए की आत्मा बैठी है. मरम्मत से नहीं जाएगी. इंजन मेरे चेले को दे दो, नया लाओ."

चेला मोहाडीच्या बाजारात जुनी इंजिनं विकायचा. आणि नवं इंजिन आणायचं तर तुलारामच्या बायकोची, रुखमाची, माहेरून मिळालेली धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, विकायची.

"आधी मिस्त्रीले तं दाखवा," रुखमा म्हणाली.

"मिस्त्री भूत काढते का? इंजिन मधातच फुटलं अन् माणसं बुडली, तं तू पोहून आणशीन त्यायले?" तुलाराम उसळला.

दुसऱ्या सकाळी इंजिन न्यायला चेल्याची बैलगाडी काठावर हजर. पलीकडच्या शाळेत शिकवणाऱ्या विमलाबाई रोज याच डोंग्यातून जात. त्या म्हणाल्या, "बाबाजी, एक फेरी बिनमंत्राची करू."

"जल जाएगा इंजन!"

"जळू द्या. तसंही तुमच्याच चेल्याले देऊन राहिले ना?"

लोक हसले. बाबाला डोंग्यात बसावंच लागलं.

मधल्या धारेत इंजिन तापलं. बाईंनी ते बंद करवलं आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बाबाने ओठ हलवू नयेत म्हणून मी त्याला मगरीची अख्खी गोष्ट ऐकवली. अर्ध्या तासात इंजिन निवलं. हँडल मारताच सुरूही झालं.

"आता बाहेर पडणारं पाणी पहा," बाई म्हणाल्या. धार बारीक होत होत थांबली. बाईंनी बाही सारून नदीत हात घातला.

"बाई, गंगामाय कोपन!" कुणीतरी ओरडलं.

वर आली ती चुनरी. ती सुटताच पाणी भळभळ वाहू लागलं.

"इंजिन पाणी ओढते, पाण्यासंगं चुनरी जाळीले चिकटते. पाणी अडलं का तापते, बंद ठेवलं का निवते. भूत कुठं आहे याच्यात?"

काठाला लागताच बाबा चेल्याच्या गाडीत चढला. बैल पळाले.

तुलाराम खाली मान घालून म्हणाला, "तापून तापून सांध्यातलं पॅकिंग गेलं असन."

"मग पॅकिंग बदला," रुखमा म्हणाली. "माही बांधी राहू द्या."

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात केवळराम पुढे सरकला. "बाई, ते चुनरी मले देता का? माह्या पंपाले बांधतो. मंतरलेली हाय ना!"

मी कपाळावर हात मारून घेतला.

बापहो, अजूनही सांगतो. यंत्र तापलं तर बंद करा, पाणी कुठून येतं, कुठे अडतं ते बघा, मिस्त्रीला विचारा. दुरुस्त करायचं की बदलायचं, ते मग ठरवा. आणि कुणी बाबा "इथं हात लावू नका" म्हणाला, तर आधी तिथेच हात घाला.