गारबाबांची तार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. गारबाबांनी विजेरीचा बोटभर, चार्ज होणारा लिथियम सेल उंच धरला, तांब्याची उघडी तार त्याच्या दोन्ही टोकांना टेकवली आणि सेल तसाच गालाला लावला.

"तापला? नाही. पेटला? नाही. आग आमच्या मुठीत आहे, लेकरांनो."

मग तोच सेल विजेरीत घातला, तर विजेरी लागेना. "आग झोपली," बाबा कुजबुजले. त्यांनी काठीच्या टोकाचा पितळी चिमटा सेलला लावला, आणि विजेरी लख्ख पेटली. अख्ख्या गल्लीने हात जोडले. घरोघरी विजेऱ्या जोडणारी गल्ली ती; सेल भडकण्याची धास्ती कुणाला नव्हती?

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने तेवढे हात जोडले नाहीत. कडेवर रांगती लेक होती. सकाळचा पत्र्याचा डबा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. बाबांनी काल फुंकर मारून 'आता पाळण्याखाली ठेवले तरी चालतील' म्हणून दिलेले सेल सासूबाईंनी स्क्रूंच्या डब्यात ओतून डबा पाळण्याखाली सरकवला होता.

तिने तेव्हाच सांगितलं होतं, "आई, स्क्रू दोन्ही टोकांना लागला तर भडका उडेल."

"आग बांधलीय आता. चार बुकं शिकलीस म्हणून बाबांना शिकवणार?"

त्याच डब्यातला एक सेल घेऊन ती आता पुढे झाली. "बाबा, हा तुम्हीच काल फुंकलेला. याला तार लावा, गालाला धरा."

"परीक्षा घेणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही, बाई. तुझी श्रद्धा उणी आहे."

शेजारी उभ्या सासूबाईंना ते लागलं. "तिची उणी असेल. माझी पुरी आहे. माझ्यासाठी लावा."

बाबांचा तारेचा हात हळूच पाठीमागे गेला.

"श्रद्धा माझी, आग तुमच्या मुठीत," सासूबाई म्हणाल्या, "मग मूठ मागे का जाते?"

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

सुनेने विजेरीतला बाबांचा सेल काढून आपल्या सेलशेजारी उभा केला. बाबांचा नखभर उंच निघाला.

"त्याच्या वेष्टणाखाली, बुडाशी एक चकती आहे. वीज भसकन धावली की ती वाट बंद करते. म्हणून सेल तापला नाही, विजेरीही लागली नाही. चार्जरचा स्पर्श झाला की वाट पुन्हा उघडते."

शेजारच्या काकांनी काठीची मूठ पिळली. आतून चार्जरच्या वायरी लोंबल्या.

"आपल्या सेलना ही चकती नाही. विजेरीत बसले की तिथलं सर्किट त्यांना सांभाळतं. डब्यात सुटे पडले की त्यांना वाली नाही."

"मग चकतीवाले टाकले डब्यात तर?" काकांनी विचारलं.

"दारात पहारेकरी आहे म्हणून चोराला कुणी आवतण देतं का, काका?"

घरी सासूबाईंनी एकेक सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत घातला. रिकामा डबा नात चमच्याने बडवत बसली.

"त्याला ठाऊक होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "पाळण्याखाली चालेल म्हणाला, आणि स्वतःच्या गालाला नाही."

चमत्कार दाखवणाऱ्यापुढे वाकण्याआधी एवढंच म्हणा: हाच प्रयोग, वस्तू आमची, हात तुमचा. हात मागे गेला की उत्तर मिळालं.