वचन बदला

प्रमिलाबाई भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. पारोळ्याकडच्या या खेड्यात बदली होऊन चौथीचा वर्ग हाती आला तेव्हा त्यांना वाटलं, मराठीच तर शिकवायचं, त्यात काय मोठं! आठवडाभरात हा ताठा उतरला. "बाई, पोऱ्या उना," असं कुणी म्हटलं की बाई विचारायच्या, "किती आले?" आणि वर्ग एका सुरात सांगायचा, "एकच." या मुलखात पोऱ्या, म्हणजे पोरगा, एकटाच असतो. बाईंच्या पुस्तकात मात्र शेवटी 'या' आला की वह्या, काठ्या, बिया, म्हणजे पुष्कळ. आता पुस्तक खरं की पोऱ्या खरा? बाईंनी पुस्तकाची बाजू घेतली, कारण पगार पुस्तकाचा होता.

चैत्रात सकाळची शाळा सुरू झाली आणि वचनाचा धडा आला. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वचन बदला'. खाली घोडा, वही, नदी, झाड.

"एकाचे अनेक करायचे, बस. एकवचनाचं अनेकवचन."

दुसऱ्या रांगेतल्या तानूने बोट वर केलं. तानू म्हणजे झुलाल पाटलांची मोठी मुलगी, अकरावं लागलेली. वर्षभरात तिने स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं, म्हणून बाईंना भारी कौतुक वाटलं.

"बाई, वचन बदलता येस?"

"येतं की. अगदी सोपं आहे."

"कोनंबी?"

"कोणाचंही," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे नामं होती.

"मंग मना आबानं बदली द्या ना, बाई. आबा सांगतस, मी एकवचनी मानूस शे. त्यास्नं अनेकवचन करी द्या." आणि मग जरा हळू, "अखाजीले मनं लगीन शे."

लग्नाचं नाव निघाल्याबरोबर पोरं खिदळली. बाईंना हसू आलं नाही; अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिन्यावर आली होती. त्यांनी तिला जवळ बोलावून सगळं विचारून घेतलं. शिंदखेड्याकडचं स्थळ होतं. आबांनी शब्द दिला होता, गूळ वाटून झाला होता. आई रडली तेव्हा आबा म्हणाले होते, दिलेलं वचन बदलत नसतं. आणि इथे शाळेत बाई स्वतः फळ्यावर लिहीत होत्या की बदला. पोरीला वाटलं, देवच पावला.

बाईंनी तिला तिथेच नीट समजावून सांगायला हवं होतं, पण जीभ रेटेना. "बघू," एवढंच म्हणाल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. रुपचंद गुरुजी निवृत्तीला टेकलेले. ते म्हणाले, "कायदा मलाही ठाऊक आहे, बाई. पण पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" आणि ते खिचडीच्या तांदळाकडे बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर झुलाल पाटील आले. चपला बाहेर काढून, टोपी सारखी करून दारात उभे राहिले. भांडायला आलेला माणूस बरा, त्याच्याशी भांडता तरी येतं. हे हात जोडून आले होते.

"बाई, पोर रातपाईन एकच सांगी ऱ्हायनी, बाईनी सांगं, वचन बदलता येस. तुम्ही आसं शिकाडं का?"

"ते व्याकरणातलं वचन, झुलालभाऊ. घोडा, घोडे."

पाटलांच्या छातीवरचा धोंडा उतरला. "आसं व्हय. पुस्तकनं शे ते."

आता ते वळणार, तेवढ्यात बाईंनी धीर केला. "पण तुम्ही दिलेलंही बदलायला हवं, भाऊ. दिसत नाही का तुम्हाला, ती केवढीशी आहे? अठरा तरी पुरी होऊ द्या. मी येते तुमच्यासोबत शिंदखेड्याला. मी बोलते."

पाटील रागावले नाहीत. खाली बघत म्हणाले, "माले काय हौस शे का, बाई? वचन मनं एकलानं ऱ्हातं ते मी बदली टाकतू. भाऊबंद बसनात, सोयरा बसनात, गूळ खाई गयात. आते ते बठ्ठास्नं शे, मना एकलानं नही. मी मोडं ते तिना मांगे दोन पोरी शेतस, त्यास्ले कोन करी?"

बाईंनी उत्तर शोधलं. रागाचं उत्तर होतं, कायद्याचं होतं. मागच्या दोन पोरींचं नव्हतं. या माणसाला धरून गदागदा हलवावं असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. पाटलांनी रामराम केला आणि ते चपला घालून गेले.

तानू जागेवरून सगळं ऐकत होती.

"मंग बाई, बदलस ते कोनतं?"

"पुस्तकातलं," बाई म्हणाल्या.

"तेवढंच?"

"तेवढंच, तानू."

तिने मान हलवली. रुसली नाही, रडली नाही. दप्तरातून पाटी काढली आणि बाईंनी फळ्यावर पुढचे शब्द लिहायची वाट बघत बसली. बाईंनी पुस्तक उघडलं. आज ऊकारान्त शब्द होते. ते गाळून पुढे जावं असं मनात आलं, पण वार्षिक परीक्षेत हमखास तेच विचारत. त्यांनी पुस्तकातले दोन शब्द फळ्यावर उतरवले आणि वर्गाकडे पाठ करून उगीच फळ्याची कड पुसत राहिल्या.

सगळ्यांच्या आधी तानू पाटी घेऊन आली. ऊकारान्त शब्द भल्याभल्यांना चकवतात, पण तिने गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: सासू – सासवा. जाऊ – जावा.

"बाई, मनी सासू एकच शे," ती म्हणाली. "जावा तीन शेतस. बरोबर शे ना?"

बाईंनी पाटी हातात घेतली. चूक शोधायला त्यांनी ती दोनदा वाचली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.