जहाजाची उघडी बाजू

ताईने आपल्या हाताने केलेल्या लाकडी नमुन्याच्या जहाजाची डावी बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती, आणि हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. उजवी बाजू कशी साग्रसंगीत होती. फळीला फळी भिडलेली, तोफांच्या खिडक्या ओळीने, वर तीन डोलकाठ्या आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे दोर. शिडाच्या जुन्या लढाऊ जहाजाला शोभेल असा सगळा थाट. डावीकडे मात्र नुसत्या फासळ्या. त्यांच्या फटींतून आतला तोफांचा मजला दिसायचा, त्याखाली खलाशांच्या टांगलेल्या झोळ्या, आणखी खाली पिंपं, आणि अगदी तळाला तो लांबलचक कणा. असे नमुने करायची जुनी रीतच होती.

"वरून सजवलेलं कपाटही असतं," ताई म्हणायची. "जहाज आतून उभं असतं. ते कसं उभं आहे ते दिसायला नको?"

जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेली बाई. नोकरी संपल्यावर तिने हा नेम धरला. सकाळची आंघोळ झाली की आधी जहाज, मग चहा. एकेक फासळी ती तीन तुकडे जोडून वळवायची. वाकडी निघाली की मुकाट्याने मोडायची आणि नवीन करायला घ्यायची. आवाज चढवणं तिला ठाऊकच नव्हतं. घरातल्या भांड्यांचा आवाज तिच्यापेक्षा मोठा, असं भावजय कौतुकाने सांगायची.

धाकट्या भावाची गोष्ट वेगळी. साठी उलटली तरी त्याला सगळे बाब्याच म्हणत. आलागेला प्रत्येक जण बैठकीतल्या जहाजाकडे बघून विचारायचा, "ताईंचं अजून अर्धंच का हो?" आणि बाब्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तर वाचनालयाच्या नव्या इमारतीत, दर्शनी काचेच्या पेटीत ते जहाज ठेवायचं ठरलं होतं. बाब्याने हे स्वतःच जमवून आणलं होतं आणि सगळीकडे मिरवलंही होतं.

नेमका तेव्हाच ताईच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. डावा डोळा आधीच अधू. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, बरेच दिवस पालथं झोपायचं, वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. मागच्या खोलीत उशीत तोंड खुपसून ताई पडून राहिली. दिसायचं ते सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं.

एकदा दुपारी बैठकीतून हातोडीचा आवाज आला.

"काय चाललंय रे?" तिने विचारलं.

"काही नाही गं, खिडकीची चौकट ढिली झालीय. सुतार आलाय."

ताईने कान दिला. टक टक, टक टक. अगदी हलके, जपून मारलेले घाव. "चौकटीला खिळे सोडून इतक्या बारीक चुका?" ती म्हणाली.

"तू पड ना स्वस्थ! डोळे बिघडले तर कान लावून बसलीस." बाब्या हसला. तीही हसली. वर म्हणाली, "छान हात आहे त्याचा. चहा दे त्याला."

पुढे नजर निवळली. पूर्ण नव्हे, पण दाराची चौकट सरळ दिसू लागली. डॉक्टरांनी उठायची परवानगी दिली त्या सकाळी आंघोळ करून ताई भिंतीला धरत धरत बैठकीत आली. सवयीने हात जहाजाच्या डाव्या अंगाला गेला. बोटं फासळ्यांमध्ये शिरायची, तिथे ती गुळगुळीत भिंतीवर आपटली.

तिला वाटलं, आपण चुकीच्या बाजूला उभ्या आहोत. दुसऱ्या बाजूला जाऊन चाचपलं. तिथेही भिंत. पुन्हा इकडे आली, नाक टेकेल इतकं तोंड जवळ नेलं. पॉलिशचा वास भपकन नाकात शिरला. फळ्या नीट बसवल्या होत्या, चुकांची डोकी भुशाने बुजवली होती, आणि वरून नव्या नवरीच्या पेटीसारखी चकाकी.

"बाब्या," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, पण भावजय हातातलं काम टाकून धावत आली.

"बघितलंस?" बाब्या आनंदाने फुलला होता. "तुला उठल्या उठल्या दाखवायचं होतं. झालं की नाही पूर्ण?"

"कुणाला विचारलंस?"

"आता घरातल्या घरात काय विचारायचं? इतकी वर्षं तुझ्याने ती एक बाजू होईना..."

"होईना?" ताई म्हणाली. "माझ्याने होत नव्हती?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? मी तुला किती वेळा सांगितलं?"

"सांगितलंस. पण लोकांना कुठे कळतं? ते अर्धवटच म्हणतात."

"लोकांना कळत नाही म्हणून माझं तोंड बंद करशील? तसंच केलंयस तू."

तेवढ्यात दार वाजलं. सुतारच आला होता, जहाज ठेवायची नवी लाकडी बैठक घेऊन. ताईला उभी बघून त्याचा चेहरा उजळला. "वा, उठलात ताई! कसं वाटलं? तुम्ही सांगितलंत अगदी तसंच केलं. दादा म्हणाले, ताईंची फार इच्छा आहे, डोळे गेले त्यामुळे राहून गेलं."

सुताराने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि बैठक हळूच खाली ठेवली.

"मी सांगितलं होतं?" ताई म्हणाली. "आणि डोळे गेले?"

"दादा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?" सुताराचा चेहरा उतरला. "अहो, मी दोनदा विचारलं. आत इतकं काम केलेलं दिसत होतं, झाकायला हात धजेना. तुम्ही म्हणालात, झाका."

"तुम्ही जा," ताई त्याला म्हणाली. "तुमच्यावर राग नाही. तुमच्या हाताची तर मी तारीफ केली होती. आतल्या खोलीत पडल्या पडल्या."

तो गेला. बाब्याने तोवर अवसान गोळा केलं होतं. "हो, बोललो खोटं! काय करणार होतो? तुझे डोळे परत येतील असं कोण छातीठोक सांगत होतं? मी म्हटलं, नाहीच आले, तर निदान जहाज तरी पूर्ण..."

त्याने जीभ चावली. पण शब्द बाहेर पडला होता.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मी त्या खोलीत पालथी पडले होते, एकेक दिवस ढकलत होते, आज अंधुक, उद्या जरा बरं, आणि तू इकडे माझ्या डोळ्यांची आशा सोडून मोकळा झालास? माझ्यामागे आवरून टाकल्यासारखं? मी जिवंत आहे बाब्या. पलीकडच्या खोलीत होते. हाक मारण्याइतकी जवळ. आणि सुतार माझ्या जहाजावर फळ्या ठोकत होता तेव्हा मी त्याला चहा द्यायला सांगितलं!"

इतकं मोठ्याने ती आयुष्यात बोलली नव्हती. बाब्या भिंतीला टेकला.

भावजय हळूच म्हणाली, "वन्सं, मीही म्हटलं होतं यांना, थांबा म्हणून. पण ऐकतात थोडेच?"

"मग मला का नाही सांगितलंस? तुलाही खोलीचं दार ठाऊक होतं."

भावजय पदराला हात पुसत मागे सरली.

"उद्या वाचनालयवाल्या बाई न्यायला येणार आहेत," बाब्या चाचरत म्हणाला. "आता राहू दे ना ताई. पुढच्या जहाजाला ठेव उघडी."

ताई फोनपाशी गेली, वाचनालयाच्या बाईंना फोन लावला. "उद्या येऊ नका. जहाज तयार नाही."

पलीकडून आवाज आला, "अहो, तुमचे बंधू तर म्हणाले, पूर्ण झालंय!"

"पूर्ण झालंच होतं. त्यांनी बिघडवलं. दुरुस्त झालं की कळवते. आणि ते एका बाजूने उघडं येईल. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

बाईंनी विचारलं, "उघडं म्हणजे आतलं दिसेल?"

"त्यासाठीच आहे ते."

"मग दोन्ही बाजू दिसायला पेटी भिंतीपासून पुढे घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "सावकाश करा."

ताईने फोन ठेवला. कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, कापूस, बारीक पक्कड, पातळ पातं. सगळं जहाजाशेजारी मांडलं आणि खुर्ची ओढून बाब्यापुढे ठेवली.

"बस."

"मी?"

"मला अजून वाकायला बंदी आहे. बंद करवलंस तू, उघडणारही तूच. सुताराला बोलवायचं नाही."

"अगं, मला पाचर म्हणजे काय तेही ठाऊक नाही! मोडेल काहीतरी."

"मोडेल. तेव्हा तुला कळेल."

तिने सांगितलं तसं बाब्याने भुसा खरवडला, पकडीने पहिली चूक उपटली, सांध्यावर स्पिरिटचा बोळा दाबून धरला. गोंद मऊ पडायला वेळ लागत होता. बोटं भाजल्यासारखी झाली, चष्मा नाकावरून घसरला. अखेर पातं आत सरकलं आणि वरची फळी सुटून त्याच्या हातात आली.

आत तोफांचा मजला दिसला. बाब्या कितीतरी वेळ बघत राहिला. इतकी वर्षं ते जहाज त्याच्या बैठकीत होतं, पण आत डोकवायला तो कधी वाकलाच नव्हता. एका तोफेजवळ करंगळीच्या नखाएवढी बादली होती, तिला कडीसुद्धा होती.

"हे... हे तू केलंस?" तो पुटपुटला.

ताईने बोट आत घातलं आणि फासळ्या एकेक करत चाचपल्या. तिसरीवर बोट थांबलं. चूक थेट मधोमध गेली होती. फासळी उभी चिरली होती. शेजारचीही.

"नवी करता येईल ना?" बाब्याने घाबरत विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते. "ताई, चुकलो गं मी. खरंच चुकलो."

"ह्या दोन तशाच राहतील," ताई म्हणाली. "चिरलेल्या. कुणी विचारलं तर तू सांगायचंस कशा चिरल्या ते."

"सांगेन. शप्पथ सांगेन." त्याने बाहीने डोळे पुसले. "राग गेला ना मग?"

"नाही," ताई म्हणाली, आणि कापसाचा ओला बोळा त्याच्यापुढे धरला. "खालची फळी घे."